फोनमध्ये गाणी भरताना या चुका टाळा

स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं म्हणजे आपली फाइल नव्हे. बरेचसे घोटाळे इथेच होतात. अ‍ॅपमधलं गाणं कुलूपबंद असतं. ते दुसऱ्या प्लेअरमध्ये वाजत नाही. स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिकसारख्या अ‍ॅपना 30 दिवसांतून एकदा तरी इंटरनेट लागतं, नाहीतर ऑफलाइन गाणी बंद पडतात. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री अ‍ॅप वायफायवर उघडा, मग फ्लाइट मोड लावून दोन-तीन गाणी वाजवून बघा. फोनमध्ये जागा करताना ‘क्लिअर डेटा’ दाबलंत तर सगळी डाउनलोड गेली म्हणून समजा.

नव्या-जुन्या सिनेमांच्या गाण्यांना स्ट्रीमिंग उत्तम. पण आजोबांच्या भजनाची कॅसेटवरून उतरवलेली फाइल किंवा गावातल्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग पुन्हा कुठे मिळणार? ते स्वतःच्या हाताने फोनमध्ये भरा आणि मूळ प्रत कॉम्प्युटरवर राहू द्या. कॉपी करताना ‘कट’ कधीच वापरू नका. मध्येच केबल हलली तर फाइल अर्धवट राहते. ‘कॉपी’ करा, वाजवून बघा, मगच काय पुसायचं ते पुसा.

केबल जोडली, फोन चार्ज होतोय, पण कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही? काही स्वस्त केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. आधी केबल बदला. तरीही नाही दिसलं तर फोनचं लॉक उघडा, वरून नोटिफिकेशन खाली ओढा आणि यूएसबीच्या पर्यायांत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. अँड्रॉइड फोन सहसा नुसत्या चार्जिंगवरच सुरू होतो. मॅकवर मात्र अँड्रॉइडसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

गाणी ‘म्युझिक’ फोल्डरमध्येच टाका. ‘अँड्रॉइड’ नावाच्या फोल्डरमध्ये एखाद्या अ‍ॅपच्या जागेत टाकली, तर ते अ‍ॅप काढताना गाणीही जातात. फाइल आहे पण प्लेअरला दिसत नाही, असं झालं तर फोन एकदा बंद करून चालू करा. फोल्डरमध्ये ‘.नोमीडिया’ नावाची लपलेली फाइल असेल तर तीही काढा, कारण ती असली की प्लेअर तो फोल्डर वगळतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरून गाणं पाठवताना ‘ऑडिओ’ नको, ‘डॉक्युमेंट’ निवडा. नाहीतर पोहोचेपर्यंत फाइलचं नाव बदलून तारीख आणि आकडे उरतात.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते टॅगकडे, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेल्या गाणं, गायक, अल्बम या माहितीकडे. फाइलचं नाव ‘03 रूपाचा अभंग’ असलं तरी प्लेअर आतला टॅग वाचतो. तो रिकामा असेल तर ‘अननोन आर्टिस्ट’खाली शंभर गाण्यांचा ढीग पडतो. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर टॅग जुन्या पद्धतीचा आहे. एमपी3मधल्या टॅगच्या पद्धतीला आयडी3 म्हणतात; तिची पहिली आवृत्ती देवनागरीसाठी नाहीच, आणि तिच्यात नावाला जेमतेम 30 अक्षरांची जागा. कॉम्प्युटरवर एमपी3टॅग हे सॉफ्टवेअर घेऊन टॅग आयडी3व्ही2.3 या नंतरच्या आवृत्तीत आणि देवनागरी साठवणाऱ्या यूटीएफ-16 या अक्षरपद्धतीत सेव्ह करा. एकाच भजनसंचात गायक वेगवेगळे असतील तर ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये सगळीकडे एकच नाव घाला, नाहीतर अल्बमचे तुकडे पडतात. ट्रॅक नंबरही भरा, म्हणजे नमनाआधी भैरवी वाजणार नाही.

तासाभराचं कीर्तन 128 केबीपीएसवर (म्हणजे सेकंदाला 128 किलोबिट डेटा) साधारण 58 एमबी होतं, 320वर 144 एमबी आणि सीडी दर्जाच्या, न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये 635 एमबी. फोनसाठी 128 किंवा 192 पुरे. वेव्ह किंवा फ्लॅक (बारकावे न गमावता दाबलेली फाइल) घरच्या डिस्कवर जपा. 128ची फाइल 320 करून आवाज सुधारत नाही, फक्त जागा जाते. एकदा गेलेले बारकावे परत येत नाहीत.

आयफोनचं गणित वेगळं आहे. विंडोजला जोडला की फोटो दिसतात, गाण्यांचा फोल्डर दिसत नाही. गाणी मॅकवर फाइंडरमधून आणि विंडोजवर आयट्यून्स किंवा अ‍ॅपल डिव्हाइसेसमधून जातात. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडल्यावर ‘इरेज अँड सिंक’ विचारलं तर थांबा, कारण होकार दिला की आधी सिंक केलेली गाणी पुसली जातात. ही भानगडच नको असेल तर आयफोनवर व्हीएलसी हे प्लेअर अ‍ॅप घ्या, फाइंडरमध्ये ‘फाइल्स’ टॅब उघडा आणि गाणी ओढून व्हीएलसीवर सोडा. तिथे फ्लॅकसुद्धा वाजतं.