रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट कसं शोधायचं

मांडवीला पहिल्यांदा आलेले पाहुणे वाळू बघून हमखास विचारतात, "इथे बोटीचं तेल सांडलंय का?" तेलबिल काही नाही, ही वाळू मुळातच काळी आहे. रत्नदुर्ग किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला काळा समुद्र, ही नावं आमच्याकडे उगाच पडलेली नाहीत. त्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम यांचं ऑक्साइड. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते आणि दरवर्षी नवरात्राच्या आसपास मुलांना किनाऱ्यावर नेते. त्यांना जे दाखवते तेच इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: काळा दिसणारा प्रत्येक कण इल्मेनाइट नसतो. आपल्या काळ्या वाळूत तीन मुख्य मंडळी एकत्र नांदतात. मॅग्नेटाइट (लोखंडाचं ऑक्साइड), इल्मेनाइट आणि ऑजाइट (काळ्या पाषाणातलं हिरवट काळं सिलिकेट खनिज). पुढची सगळी खटपट या तिघांना वेगळं करण्याची आहे.

हे कण आले कुठून, ते कळलं की शोधणं सोपं जातं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला, त्याच वेळी त्याच्या पोटात हे कण बसले. पुढे पावसाने तो दगड कुजून सड्यांवरचा जांभा झाला. कुजताना सिलिका वाहून गेली, पण लोखंड, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम मागे राहिलं. इल्मेनाइट तर चिवट, पाण्यापावसाला सहजासहजी दाद देत नाही. काजळी आणि मुचकुंदीसारख्या नद्यांनी ते खाडीच्या मुखाशी आणून टाकलं आणि पुढची निवड लाटांनी केली. आपल्या किनाऱ्यावर डोंगराची नाकाडं थेट समुद्रात घुसलेली आहेत, त्यामुळे एका उपसागरातली वाळू सहसा दुसऱ्यात जात नाही, तिथल्या तिथेच घोळत राहते. म्हणून काळबादेवी, मिऱ्या, भाट्ये-मांडवी आणि दक्षिणेला पूर्णगड-गावखडी असे वेगवेगळे साठे तयार झाले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या उपसागरांचा तळही तपासला आहे. काळी वाळू पाण्याखालीही पुढपर्यंत पसरलेली आहे.

आता वेळ. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड वाळू जागेवर राहते. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की हलकी वाळू परत येते आणि काळा थर झाकून टाकते. तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबर हा उत्तम काळ. मे महिन्यात याल तर वीतभर, कधी हातभर खणावं लागेल. तिथीचा हिशेब इथल्या प्रत्येकाला पाठ असतो: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमारास. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया निवडा. उधाणाचे दिवस असल्याने ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि सकाळच्या तिरप्या उन्हात काळे पट्टे स्पष्ट दिसतात.

किनाऱ्यावर पोचल्यावर पाण्याकडे धावू नका. आधी वरची बाजू बघा, जिथे उधाणाच्या भरतीची शेवटची रेघ असते आणि मागे सुरूचं बन किंवा वाळूचा उंचवटा सुरू होतो. लाट वर चढताना जोरात येते, परतताना तिचा जोर कमी असतो. जड कण वरच अडकतात. उंचवट्याची कड लाटांनी तासलेली असेल तर फारच छान. तिथे एकावर एक काळे-पांढरे थर उघडे पडलेले असतात, काही बोटभर जाडीचे, काही सुताएवढे. दुसरी जागा खाडीच्या मुखाची आणि तिसरी कातळाच्या आडोशाची. भाट्याला रापण ओढणारी माणसं भेटली तर त्यांना विचारा. काळी वाळू पायाला घट्ट लागते आणि उन्हात लवकर तापते, त्यामुळे तिचे पट्टे त्यांना पायांनीच माहीत असतात. मला स्वतःला काळबादेवी सगळ्यात आवडते. साखरतरचा पूल ओलांडून आरे-वारेच्या रस्त्याला लागलात की ती लागते. तिथे मांडवीसारखी गर्दी नसते आणि थर नीट बघता येतात.

आरे-वारेला मात्र पाण्यात उतरू नका. आपलं काम कोरड्या वाळूत आहे.

सामान घरातलंच लागतं: एक परात, दोन सारख्या वाट्या, प्लास्टिकच्या पातळ पिशव्या, दहापट मोठं दाखवणारं भिंग, जुन्या स्पीकरमधलं साधं चुंबक आणि खराब झालेल्या हार्ड डिस्कमधलं जास्त ताकदीचं निओडिमियम चुंबक. हे शेवटचं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मागितलं तर मिळतं.

पहिली परीक्षा वजनाची. एक वाटी पांढरी वाळू, एक वाटी काळी, दोन्ही कोरड्या आणि काठोकाठ. दोन हातांत धरा. पांढऱ्या वाळूतल्या क्वार्ट्झची घनता 2.65 आणि इल्मेनाइटची सुमारे 4.7, त्यामुळे निवडक काळ्या वाळूची वाटी जवळजवळ पावणेदोन पट जड लागते. फरक जाणवला नाही, तर त्या वाळूत काळेपणा ऑजाइटचा किंवा दगडाच्या चुऱ्याचा आहे. जागा बदला.

मग परात. दोन मुठी वाळू घ्या, ती बुडेल इतकं समुद्राचं पाणी घाला आणि आजी तांदूळ रोळायची तसं हलक्या हाताने घोळवून वरचं पाणी एका कडेने सोडत जा. आधी शिंपल्यांचा भुगा आणि पांढरे कण जातात. मग हिरवट काळे कण सरकू लागतात, ते ऑजाइट. घाई केली तर सगळंच सांडतं, म्हणून शेवटी पाणी अगदी थोडं ठेवा. परातीच्या कडेला चकचकीत काळ्या कणांची बारीक कोर उरते, परात तिरकी केली तरी ती हलत नाही. ती बोटाने वर्तमानपत्रावर काढा आणि पूर्ण वाळू द्या. ओले कण एकमेकांना चिकटतात, ओल्यावर चुंबकाचा उपयोग नाही.

वाळल्यावर साधं चुंबक पिशवीत गुंडाळून कणांवरून फिरवा. मॅग्नेटाइट उडी मारून चिकटतं आणि मिशांसारखं उभं राहतं. पिशवीतून चुंबक ओढून काढलं की कण खाली पडतात. हेच पुन्हा पुन्हा करा, काहीच चिकटेनासं होईपर्यंत. हे कण फेकू नका. आपल्या बेसॉल्टमधल्या मॅग्नेटाइटमध्येही टायटॅनियम मुरलेलं असतं.

उरलेले कण कागदावर एकेरी पसरा आणि निओडिमियम चुंबक दोन-तीन मिलिमीटर वर धरून हळू न्या. इल्मेनाइट मॅग्नेटाइटइतक्या ओढीने येत नाही, पण येतं. आधी कण जागच्या जागी वळतो, मग चुंबकाकडे सरकतो, मग चिकटतो. मुलं हे बघताना श्वास रोखून धरतात आणि मलाही ते बघायचा कंटाळा आलेला नाही. थोडं ऑजाइटही सोबत येईल. भिंगाखाली इल्मेनाइट कोळशासारखं काळं पण धातूची चकाकी असलेलं दिसतं, ऑजाइट काचेसारखं आणि कडेला हिरवट. तरीही शंका असेल तर पाच-सहा कण दोन पोलादी पट्ट्यांमध्ये चिरडा आणि भुकटी टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासा. इल्मेनाइटची रेघ काळी किंवा तपकिरी काळी येते, ऑजाइटची फिकट राखाडी हिरवट.

ज्यांनी केरळची काळी वाळू पाहिली आहे, ते विचारतात की आपल्याकडे मोनाझाइट मिळेल का. नींदकरा ते कायमकुळम हा चवरा पट्टा भारतातला नावाजलेला खाणपट्टा. तिथे इल्मेनाइटसोबत रुटाइल, झिरकॉन, सिलिमनाइट आणि किरणोत्सारी मोनाझाइट सापडतं, कारण तिथली वाळू नाइस, खोंडालाइट अशा जुन्या रूपांतरित खडकांची आहे. आपली वाळू प्रामुख्याने बेसॉल्टची, आणि बेसॉल्टमध्ये मोनाझाइट शोधण्यात अर्थ नाही. चवऱ्याच्या इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड सुमारे 60 टक्के असतं. शुद्ध सूत्रानुसार ते 52.6 टक्केच हवं, पण तिथल्या दमट हवेत कणांमधलं लोखंड विरघळून गेलं आहे.

नमुना किती घ्यायचा? चिमूटभर. वहीच्या पानाला चिकटवता येईल इतका. इल्मेनाइट हे कायद्याने राखीव खनिज आहे, 2019पासून किनारी वाळूतल्या खनिजांचं उत्खनन खासगी कंपन्यांनाही बंद आहे, आणि पोतं भरून वाळू उचलणं हा सरळ गुन्हा आहे. गावखडी, मालगुंड या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तीही भरतीच्या रेघेच्या वर, म्हणजे आपण खणतो त्याच जागी. या महिन्यांत तिथे कासवमित्रांना विचारल्याशिवाय खणू नका. इतर वेळीही खड्डा बुजवून निघा.

पुडीवर किनाऱ्याचं नाव, तारीख, तिथी आणि थर किती खोल होता ते लिहा. नुसतं "रत्नागिरी" लिहिलेल्या पुडीचा पुढे कुणालाच उपयोग होत नाही. खात्रीची परीक्षा कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोरच करायची: कण पोटॅशियम बायसल्फेटसोबत वितळवायचे, थंड झालेला गोळा विरल सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवायचा आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब सोडायचे. टायटॅनियम असेल तर द्रावण पिवळं-नारिंगी होतं. लोखंडाचाही पिवळसरपणा असतो, म्हणून शेजारी पेरॉक्साइड न घातलेली तीच नळी ठेवा आणि दोन्हींचे रंग ताडून बघा.