वाढत्या अंगाचे बूट आणि फसलेली ट्रिप

लहान मुलांना घेऊन फिरायला जायचं ठरलं की आपण बुकिंग करतो, औषधांचा डबा भरतो, खाऊ घेतो, आणि कपडे मात्र आदल्या रात्री कपाटातून हाताला लागतील तसे बॅगेत कोंबतो. मी पण हेच करायचे. मग एका ट्रिपला आमच्या मोठ्याने (तेव्हा साडेतीन वर्षांचा होता) पहिल्याच दुपारी बूट काढून फेकले ते फेकलेच, पुढचे दोन दिवस तो बाबाच्या खांद्यावर आणि मी तिन्ही बॅगा घेऊन मागे मागे. बूट नवे कोरे, खास ट्रिपसाठी घेतलेले, आणि "वाढत्या अंगाचे" म्हणून दोन नंबर मोठे. टाचेला हा एवढा फोड. तेव्हापासून माझं मत झालंय की पोर बाहेर गेल्यावर किरकिर करतं ते दरवेळी हट्ट म्हणून नाही, बऱ्याचदा काहीतरी काचत असतं, टोचत असतं नाहीतर ओलं झालेलं असतं, आणि त्याला ते सांगता येत नसतं. म्हणून तयारी कपड्यांपासून सुरू करा, आणि ती पण निघायच्या दोन-तीन आठवडे आधी.

पहिले बूट, कारण यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. संध्याकाळी मोजा, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. मुलाला कागदावर सरळ उभं करा, बसवून नाही, कारण उभं राहिल्यावर वजन पडून पाऊल लांबतं आणि पसरतं. पेन्सिल उभी धरून दोन्ही पावलांभोवती रेघ मारा, दोन्ही पावलं एकसारखी नसतात, जे मोठं ते माप धरायचं. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असंही नाही, काही मुलांचं दुसरं बोट लांब असतं. टाचेपासून त्या बोटापर्यंतच्या लांबीत १२ मिलिमीटर मिळवा, तेवढ्या लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापा आणि ती दुकानात सोबत न्या. पट्टी बुटात न दुमडता, न घसरता बसली की लांबी बरोबर. पोराला दुकानात नेलं नाही तरी चालतं, हा मोठाच फायदा. अर्थात रुंदी पट्टीवर कळत नाही, ती घरी घालून बघावी लागते, त्यामुळे बदलून मिळतील ना हे आधीच विचारून ठेवा.

आपल्याकडे सवय अशी की बूट घातल्यावर पुढून अंगठ्याने दाबून बघायचं. मुलं दाबल्यावर बोटं आत ओढून घेतात, मग जागा आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात बूट घट्ट असतो. त्यापेक्षा आतलं सोल निघत असेल तर ते बाहेर काढा आणि पोराला त्यावर उभं करा, बोटांच्या पुढे किती जागा उरते ते डोळ्यांनी दिसतं. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर असेल तर ठीक. त्याहून कमी असेल तर बोटं दुखणार, आणि बरीच जास्त असेल तर पाऊल आत पुढेमागे घसरणार. आमचा फोड असाच आलेला.

आता हे "वाढत्या अंगाचं" प्रकरण. तीन वर्षांखालच्या मुलाचं पाऊल महिन्याला सरासरी दीड मिलिमीटर वाढतं, तीन ते सहा वर्षांत साधारण एक मिलिमीटर. युरोपियन नंबरात एका मापाचा फरक साधारण पावणेसात मिलिमीटर असतो आणि ब्रिटिश नंबरात साडेआठ. म्हणजे बघा, मी जे दोन नंबर मोठे घेतले होते (ब्रिटिश मापाचे) ते १७ मिलिमीटर जास्त होते, साडेतीन वर्षांच्या पावलाला तेवढं भरायला वर्षाच्या वर लागतं, आणि तोपर्यंत तो बूट फाटलेला असतो. पुढे जी १२ मिलिमीटर जागा सोडतो त्यातच वाढीची सोय झालेली असते, अजून वेगळी नको. कपडा वाढत्या अंगाचा घ्या हवा तर, बूट कधीच नाही. आणि धाकट्यांचं माप दर दोन महिन्यांनी, मोठ्यांचं तीन-चार महिन्यांनी परत घ्या, कारण घट्ट झाला तरी मूल तक्रार करेलच असं नाही, लहानपणी पाऊल इतकं मऊ असतं की ते बुटात दबून बसतं.

नवे बूट घेतले तर निघायच्या आधी आठवडाभर घरात रोज तास-दोन तास घालायला लावा. वेलक्रोचे घ्या, लेसचे नको, प्रवासात दिवसातून दहा वेळा काढघाल होते. मोजे पायाच्या मापाचेच हवेत, मोठ्या मोज्याला घडी पडते आणि त्या घडीनेच फोड येतो. एक गोष्ट मला फार उशिरा कळली, छोट्या बाळांचे मोजे घालायच्या आधी उलटे करून बघायचे. आत सुटलेला धागा नाहीतर आपला केस असतो, तो बोटाभोवती गुंडाळला जाऊन करकचून बसतो, बोट सुजून लाल होतं आणि बाळ का रडतंय ते कुणालाच कळत नाही. बाळ विनाकारण रडायला लागलं तर मोजे काढून दहाही बोटं बघा, केस रुतलेला असेल आणि निघत नसेल तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे.

कपड्यांचं एवढं कडक नाही. लेबलवर "२-३ वर्षं" लिहिलेलं असतं ते विसरा, प्रत्येक कंपनीचं तीन वर्षांचं मूल वेगळं असतं. उंचीवर जा. काही कपड्यांवर ९८, १०४, ११० असे आकडे असतात, ती सेंटिमीटरमधली उंची आहे, तुमचं पोर १०० असेल तर १०४ घ्या. सुती होजिअरी कपडा पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतो, तो अंदाज धरा. डायपर घालत असेल तर कमरेचं माप डायपरवरूनच घ्या, कापडी डायपर असेल तर अजून एक माप वर लागतं.

माप बघायची माझी पद्धत सोपी आहे, कपडा घालून पोराला उकिडवं बसायला सांगा, मग दोन्ही हात वर करायला सांगा, मग वाकून जमिनीवरचं खेळणं उचलायला सांगा. पोट उघडं पडलं, मागून पँट खाली सरकली किंवा काखेत ओढ बसली तर तो कपडा प्रवासाचा नाही. कमरेच्या इलॅस्टिकमध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत, आणि रात्री कपडे काढल्यावर पोटावर वळ दिसत असेल तर इलॅस्टिक काचतंय असं समजा. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ४८ सेंटिमीटरच्या आसपास असतो, गळा तेवढा ताणला जात नसेल तर प्रत्येक वेळी कपडा बदलताना रडारड ठरलेली. खांद्यावर टिच बटणं असलेले बरे. मानेमागचं लेबल शिवणीच्या अगदी जवळून उसवून काढा, अर्धवट कापलं तर जास्त टोचतं. आणि गळ्याशी नाडी असलेला हुडीचा कपडा लहान मुलांना घालूच नका, घसरगुंडीत, गाडीच्या दारात नाहीतर सरकत्या जिन्यात नाडी अडकते, आहे त्या कपड्याची नाडी ओढून काढून टाका.

नियम एकच, ट्रिपला नेणारा प्रत्येक कपडा घरी निदान एकदा घालून आणि धुऊन झालेला हवा. फोटोसाठी घेतलेला चमचमता ड्रेस असेल तर फोटोपुरता घाला, दहा मिनिटांनी बदला, सगळे खूश.

बॅग भरताना एकेका दिवसाचा पूर्ण सेट, म्हणजे वरचं, खालचं, आतलं आणि मोजे, एकत्र गुंडाळून एकेका झिपच्या पिशवीत. सकाळी एक पिशवी काढायची, शोधाशोध नाही, आणि संध्याकाळी मळका सेट त्याच पिशवीत परत. दोन वर्षांखालच्या मुलाला दिवसाला दोन सेट धरा, मोठ्याला एक आणि वर एकूण दोन जास्तीचे. हातातल्या बॅगेत एक सेट मुलाचा आणि एक टीशर्ट तुमचा पण, हे मी दोनदा विसरलेय आणि दोन्ही वेळा उलटीचा वास अंगावर घेऊन चार-पाच तास बसलेय.

उलटीवरून आठवलं. गाडी लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना सगळ्यात जास्त होतो, दोन वर्षांच्या आत सहसा नाही. मोबाईल आणि पुस्तक बंद, लांबचं काहीतरी बघायला सांगा, खिडकी थोडी उघडा, निघायच्या आधी पोट गच्च भरू नका पण रिकामंही ठेवू नका. गळ्याशी घट्ट काही असेल तर सैल करा, त्याने पण बरं वाटतं.

गाडीत बेबी सीट असेल तर जाड जॅकेट घालून पट्टे लावू नका. पट्टा घट्ट बसलाय असं वाटतं खरं, पण जोराचा धक्का बसला की जॅकेटची हवा दबते आणि पट्टा सैल पडतो, मूल त्यातून निसटू शकतं. पातळ कपड्यावर पट्टे लावा, खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून बघा, चिमटीत आला तर अजून ओढा, आणि थंडी असेल तर जॅकेट उलटं करून पट्ट्यांवरून पांघरा. साधारण दोन तासांनी थांबा, पोराला बाहेर काढून मोकळं करा, तान्ह्या बाळाला तर नक्कीच, एकाच अवघडलेल्या स्थितीत फार वेळ ठेवू नये.

विमानात कान दुखतात ते मुख्यतः खाली उतरताना, आणि ते उतरणं जमिनीला टेकायच्या बरंच आधी, वीस-तीस मिनिटं आधी सुरू होतं. तेव्हा गिळण्याची क्रिया चालू राहायला हवी, बाळाला दूध पाजा, मोठ्याला पाण्याचे घोट द्या. झोपलं असेल तर तेव्हा उठवा, जीवावर येतं पण उठवा.

उन्हात आणि पाण्यात कपड्याचा रंग आणि कापड दोन्ही बघावं लागतं. साध्या पांढऱ्या सुती टीशर्टमधून वाटतं त्यापेक्षा बरंच ऊन आत जातं, आणि तो ओला झाला की अजून जास्त. गर्द रंगाचा, घट्ट विणीचा, लांब बाह्यांचा बरा. यूपीएफ म्हणजे कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा, यूपीएफ ५० लिहिलेल्या कापडातून अतिनील किरणांचा पन्नासावा भाग आत येतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात नेऊच नका, सावली हाच त्याचा उपाय. पोहण्याच्या तलावात निळे, करडे किंवा पांढरे कपडे पाण्याखाली दिसतच नाहीत, भडक नारिंगी नाहीतर पोपटी घ्या, शोभा बघू नका. अर्थात रंग कितीही भडक असला तरी आपण हाताच्या अंतरावर हवंच.

गर्दीच्या ठिकाणी निघायच्या आधी रोज सकाळी मुलाचा डोक्यापासून पायापर्यंत एक फोटो काढा. हरवलं तर "आज काय घातलं होतं" हे घाबरलेल्या आईबापाला आठवत नाही, खरंच आठवत नाही, मला एकदा पाच मिनिटांसाठी आठवलं नव्हतं (तो खांबामागे लपला होता). फोन नंबर कपड्याच्या आतल्या बाजूला पेनाने लिहा. नाव बाहेर दिसेल असं लिहू नका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुलाला तो ओळखीचा वाटतो.

आणि हो, परत आल्यावर बुटातली वाळू झटकताना ती पुठ्ठ्याची पट्टी पण एकदा पायाला लावून बघा. आमच्या धाकटीची लांबच्या सुट्टीनंतर दरवेळी नवीन कापावी लागते.