नवा घोडा आणि स्वारीची घाई : पहिल्या महिन्यात या चुका टाळा

सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा विकत आणलेल्या माणसाची तक्रार बहुधा एकाच धाटणीची असते. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात, ढोलांच्या आवाजात आणि शेकडो अनोळखी जनावरांच्या गर्दीत जो घोडा मान खाली घालून निमूट उभा होता, तोच घरी आल्यावर आठव्या-दहाव्या दिवशी कान मागे टाकतो, खोगीर दिसताच बाजूला सरकतो आणि फाटकाबाहेर पाऊल टाकायला तयार होत नाही. आपल्याला फसवले गेले, असे मालकाच्या मनात येते. काही व्यवहारांत तसे घडतेही, कारण विक्रीच्या वेळी शामक औषध दिलेले जनावर हा बाजारातला जुना प्रकार आहे. पण माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा कारण वेगळे निघाले. बाजारात दिसलेली शांतता थकव्याची होती आणि अंगात ताकद परत आल्यावर घोडा जे दाखवतो आहे, ते त्याचे भय किंवा त्याचे दुखणे आहे. थकव्याला गरीब स्वभाव समजून तिसऱ्या दिवशी खोगीर चढवणे ही पहिली चूक, आणि पुढच्या अनेक चुका तिच्यातूनच जन्माला येतात.

घोडा उभ्यानेच झोपतो, असे आपण ऐकत आलो आहोत. ते अर्धेच खरे आहे. डुलकी तो उभ्याने घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते आणि अनोळखी जागी सुरक्षित वाटेपर्यंत तो कित्येक रात्री आडवा होत नाही. बाजारातले दिवस अगाडी-पिछाडीत (पुढून-मागून दोरांनी बांधलेल्या अवस्थेत), मग रात्रभर ट्रकमध्ये, मग नव्या पागेतल्या जागत्या रात्री, असा झोपेचा तोटा साचत जातो. म्हणून रोज सकाळी घोड्याचे अंग पाहावे. कुशीला गवताच्या काड्या किंवा लिदेचा डाग लागलेला दिसला, तर तो रात्री आडवा झाला होता, असे समजावे. घोडा नव्या जागेत रुजू लागल्याची याहून भरवशाची खूण मला ठाऊक नाही.

चारा आणि चंदी (दाणा) बदलण्याची घाई

पहिल्या आठवड्यातले सर्वांत मोठे नुकसान खाण्यातून होते. घरी आलेल्या पाहुण्याला गोडधोड घालावे, त्या मायेने लोक पहिल्याच दिवशी घोड्यासमोर भिजवलेले हरभरे, जव, गूळ आणि कोंडा यांचा तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) धरतात. घोड्याच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव ठरावीक चाऱ्याला सरावलेले असतात. अचानक पिष्टमय दाणा आला की तेथे आम्ल वाढते आणि त्यातून पोटशूळ किंवा खुरांच्या आतला दाह उद्भवू शकतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेली चूक बाहेर टाकण्याचा मार्ग त्याला नाही. विकणाऱ्याकडून आठवडाभर पुरेल इतका जुना चारा मागून घ्यावा, जमल्यास पैसे देऊनही घ्यावा, आणि १० ते १४ दिवसांत नव्या चाऱ्याचे प्रमाण थोडे थोडे वाढवत न्यावे. पहिले दोन दिवस फक्त कोरडा चारा आणि पाणी पुरे. ३५० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला साधारण ५ ते ७ किलो कोरडा चारा लागतो, आणि तो एकदम न टाकता चार-पाच वेळा विभागून द्यावा.

आपल्याकडे घोडा बहुतेकदा गाईम्हशींच्या शेजारी बांधला जातो, म्हणून एक धोका ठळकपणे सांगणे भाग आहे. जनावरांच्या किंवा कोंबड्यांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असू शकते. गाईला ते पचते, घोड्याच्या हृदयाला मात्र अल्प मात्रेतही घातक ठरते. त्यामुळे गोठ्यातली गोळीपेंड घोड्याच्या तोबऱ्यात कधीही जाऊ नये. ज्वारीचा वाळलेला स्वच्छ कडबा चालतो; हिरवी ज्वारी देऊ नये, कारण ती सतत खाणाऱ्या घोड्यांत मूत्राशयाचा दाह आणि मागच्या पायांची लटपट होते. बुरशी लागलेला मका आणि कुंपणाची कण्हेर यांपासूनही त्याला दूर ठेवावे.

पाणी मोजूनच ठेवावे. सावलीत विसावलेल्या घोड्याने दिवसाला २० ते ३० लिटर पाणी पिणे अपेक्षित आहे. पण अनोळखी विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याचा वास त्याला परका वाटतो आणि तो तहानलेला असूनही तोंड फिरवतो. उघड्या हौदात तो किती प्याला ते कळत नाही, बादलीत कळते. लीद दिवसातून ८ ते १२ वेळा पडते. ती कमी झाली, घोडा जमिनीवर पाय आपटू लागला, वळून वळून पोटाकडे पाहू लागला किंवा लोळू लागला, तर चारा उचलून घ्यावा आणि पशुवैद्यकांना तत्काळ बोलवावे. अशा वेळी बांबूच्या नळीतून किंवा बाटलीतून तेल पाजण्याची गावाकडची रीत कृपया सोडून द्यावी. मान वर ओढून ओतलेले तेल फुप्फुसात उतरते, आणि पोटदुखीतून वाचू शकला असता असा घोडा त्या तेलाने दगावतो.

ताप न पाहणे, वेगळे न ठेवणे

ट्रकमध्ये डोके उंच बांधून तासन्‌तास उभ्या राहिलेल्या घोड्याला नाकातली आणि श्वासनलिकेतली घाण मान खाली घालून बाहेर टाकता येत नाही. त्यातून होणारा फुप्फुसांचा संसर्ग प्रवासानंतर दोन-चार दिवसांनी डोके वर काढतो, म्हणजे नेमका त्या दिवसांत, जेव्हा नव्या मालकाला स्वारीचा मोह अनावर होतो. निदान पहिले पाच दिवस सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून ताप मोजून वहीत लिहावा. निरोगी प्रौढ घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते आणि विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४ ठोके. यापेक्षा ताप वर गेला आणि घोडा चाऱ्यावरून उठला, तर तो ‘जरा मंद आहे’ असे म्हणून दिवस घालवू नये.

घरी आधीपासून घोडा असेल, तर नव्याला किमान तीन आठवडे वेगळे बांधावे. बादली, खरारा (अंग घासण्याचा ब्रश), मोहरकी (तोंडावर चढवायचा दोरीचा साज) सगळे वेगळे ठेवावे. जबड्याखाली गाठी आणणारा स्ट्रँगल्स साधारण ३ ते १४ दिवसांत दिसू लागतो. चावऱ्या माशांमुळे पसरणारा सर्रा अधूनमधून येणारा ताप आणि ओसरत जाणारे अंग यांतून उमगतो. ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची बाब याहून गंभीर आहे : त्याच्यावर लस नाही, तो माणसाला होऊ शकतो आणि २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार त्याची माहिती शासनाला देणे बंधनकारक आहे. खरेदीपूर्वी रक्ततपासणीचा दाखला मागण्यात संकोच वाटू देऊ नये. अशी तपासणी करणारी प्रमुख संस्था हिसार येथील राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र ही आहे. धनुर्वाताची लस पूर्वी दिल्याचा पुरावा नसेल, तर ती दिलेली नाही असेच धरून चालावे, कारण या रोगाला घोडा फार लवकर बळी पडतो.

वेगळे बांधणे म्हणजे एकटे कोंडणे नव्हे. घोडा कळपाचा प्राणी आहे. दुसरा घोडा दुरून दिसेल अशी जागा द्यावी. तो नसेल, तर शेजारी बांधलेली शेळी किंवा म्हैसही त्याला मोठा आधार देते.

दुखण्याला खोड समजणे

एका घोडीच्या बाबतीत मी स्वतः ही चूक केली आहे. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना ती चावायला येई, आणि मी आठवडाभर तिला ‘खोडकर’ ठरवून दटावत राहिलो. पुढे हिवाळी केस विरळ झाल्यावर मानेच्या शेवटी, खोगिराच्या पुढच्या कमानीखाली, बऱ्या झालेल्या जुन्या जखमेचा निबर चट्टा दिसला. ती पहिल्या दिवसापासून सांगत होती.

खोगीर चढवण्याआधी पाठीच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी हळूहळू दाबत जावे आणि कातडी थरथरते का, पाठ खाली जाते का, ते पाहावे. जुन्या मालकाचे खोगीर नव्या घोड्यावर तसेच टाकू नये. स्वार बसल्यावरही मानेच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटे मोकळी जागा उरली पाहिजे. ओठांच्या कोपऱ्यांत आणि जिभेवर जुने व्रण असतील, तर त्याच्या तोंडात काटेरी लगाम घातला गेला होता, असा अंदाज करता येतो. असा लगाम नियमांनी निषिद्ध आहे आणि तो पागेत असूच नये. नालबंदाकडून खूर तपासून घ्यावेत.

दात पाहताना वयाचाही विचार व्हावा. मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी, त्यांच्या शेजारचे साडेतीन वर्षांनी आणि कोपऱ्यातले साडेचार वर्षांनी बदलतात. बाजारात ‘तयार’ म्हणून विकलेला घोडा अनेकदा दोन दातीच, म्हणजे मधले दुधाचे दात नुकतेच बदललेला, असतो. त्याच्या पाठीची हाडे पक्की व्हायला अजून वर्षे आहेत. त्याला हातात धरून फिरवावे, शिकवावे, पण स्वारीसाठी थांबावे.

वजनाचा हिशेबही कागदावर करावा. तंगाच्या जागी छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या ढुंगणाच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. घेर १६० आणि लांबी १६५ असेल, तर वजन सुमारे ३५५ किलो येते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा, म्हणजे येथे ७१ किलोंपेक्षा, अधिक भार नसावा. मारवाडी आणि काठेवाडी घोडे अंगाने सडपातळ असल्याने ही मर्यादा भल्याभल्यांना अडचणीत आणते, पण ती पाळावी.

नाचकामाचा घोडा

वरातीसाठी शिकवलेला घोडा घेतला असेल, तर त्याची भाषा आधी समजून घ्यावी. लगाम वर उचलला की नाचायचे आणि पायाला काठीचा स्पर्श झाला की गुडघे उचलायचे, असे त्याला शिकवलेले असते. नवखा स्वार तोल सावरण्यासाठी लगाम ओढतो आणि घोडा, शिकवल्याप्रमाणे, पुढचे पाय उचलतो. त्यासाठी त्याला मारणे अन्यायाचे आहे. जुन्या चाबुकस्वाराकडून (घोडा शिकवणाऱ्याकडून) प्रत्येक इशारा विचारून घ्यावा, आणि नवे इशारे आधी जमिनीवर उभे राहून, मोहरकीवर शिकवावेत. याला महिने लागतात.

स्वारीचा दिवस कसा ठरवावा

दिवस मोजून हे ठरत नाही. काही घोडे तीन आठवड्यांत तयार होतात, काहींना तीन महिने लागतात. मी पुढील गोष्टी पाहतो : चारा-पाणी आणि लीद सलग दहा-बारा दिवस नियमित आहे, रात्री तो आडवा होतो, मोकळ्यावर सोडल्यास पकडू देतो, चारही पाय शांतपणे उचलू देतो, मोहरकीवर आपल्या मागोमाग फाटकाबाहेर जाऊन परत येतो, तंग आवळताना अंग ताठ करत नाही. यांतील एखादी गोष्ट जमत नसेल, तर त्या दिवशी काम तिच्यावरच करावे.

या काळात काम नसल्याने चंदी कमीच ठेवावी. भरपूर दाणा खाऊन उभ्या असलेल्या घोड्याला एकदम दौडवले, तर त्याचे स्नायू आखडतात, लघवी गडद तांबूस होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

पहिली स्वारी कुंपणाच्या आत, डोक्यावर शिरस्त्राण घालून, सोबत दुसरा माणूस ठेवून, फक्त साध्या चालीने आणि पंधरा-वीस मिनिटांचीच असावी. फाटकाशी तो अडला, तर टाच मारून ढकलण्यापेक्षा खाली उतरावे, त्याला हाताने पलीकडे न्यावे आणि तेथे पुन्हा बसावे. स्वारीनंतर खोगीर काढल्यावर घामाचे डाग पाहावेत. भिजलेल्या पाठीत मधेच कोरडा राहिलेला ठिपका बहुधा तेथे खोगीर टोचत असल्याचे सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाठीवरून बोटे फिरवावीत, आणि कोठेही कातडी थरथरली, तर सूज उतरेपर्यंत व खोगीर नीट बसवून घेईपर्यंत ते खुंटीवरच राहू द्यावे.