नाशिकमधल्या भिंती बघायच्या तर

मी रंगकाम करतो, बावीस वर्षं झाली. त्याआधी तीन वर्षं एका बोर्ड पेंटरच्या हाताखाली ब्रश धुतले, डबे घासले, दोरी धरली. त्यामुळे रस्त्याने जाताना माझी नजर आधी भिंतीवर जाते. भिंतीवरची चित्रं म्हटलं की लोकांना मुंबई-दिल्ली आठवते. नाशिकमध्येही बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते बघायची सवय लावून घ्यावी लागते.

सकाळी साडेसातला निघा. तेव्हा ऊन तिरकं असतं. ब्रशचा फटकारा, प्लास्टरचा उंचवटा, वरच्या रंगाखाली दबलेलं जुनं अक्षर, हे सगळं तिरक्या उन्हातच वर येतं. दुपारी भिंत सपाट दिसते. शिवाय दुकानं उघडायची असतात. मेन रोड, भद्रकाली, रविवार कारंजा या भागात हाताने लिहिलेलं जे काही उरलंय, त्यातलं बरंचसं शटरवर आहे. शटर वर गेलं की तेही गेलं.

शटरवरचं अक्षर अगदी जवळून बघा. आडव्या पट्ट्यांच्या उंचवट्यावर रंग सहज बसतो, खाचेत बसत नाही. घाईचं काम असेल तर प्रत्येक खाचेत नुसता पत्रा दिसतो. हात मुरलेला पेंटर बारीक ब्रशचं टोक खाचेत घालून अक्षर पुरं करतो. मग शिरोरेषेकडे बघा. खडू लावलेली दोरी ताणून सोडली की रेघ उठते, तिच्यावरून शिरोरेषा ओढायची. एका दमात ओढलेली असेल तर जाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच राहते. हात थांबला असेल तिथे रंग दाटलेला दिसतो. माझे उस्ताद नुसतं ‘क’चं पोट बघून सांगायचे, हे काम कोणाचं. फ्लेक्स आले आणि अशी ओळख असलेले हात दुसऱ्या कामाला लागले. मीही त्यांतलाच.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती लग्नघराची भिंत. जुन्या नाशकातल्या बोळांत शिरा, नाहीतर शहराला चिकटलेल्या गावठाणांत जा. दाराच्या वर गणपती, दोन्ही बाजूंना कळस नाहीतर केळीचे खांब, मध्ये ‘शुभविवाह’, खाली चि. आणि चि. सौ. कां. यांची नावं, तारीख. हे चित्र कोणी कलाकृती म्हणून काढत नाही, म्हणून ते बघणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. पण गणपतीची सोंड बघा. ती एकाच फटकाऱ्यात वळवलेली असते आणि जिथे ब्रश उचलला तिथे रंग विरळ होत जातो. तो विरळपणा पुसून नीट करायला गेलं की सोंड मेली. पंचवटीत एका घरासमोर मी असाच उभा होतो, ओट्यावर एक मावशी लसूण सोलत बसल्या होत्या.

“मावशी, हे कधीचं?”

“थोरल्याच्या लग्नातलं. त्याची पोरगी आता आठवीला आहे. धाकट्याचं ठरलं की त्याच्यावर चुना मारू.”

म्हणून विचारत जा. कोणी काढलं, कधी काढलं, आधी इथे काय होतं. फोटोही विचारूनच काढा, घर कोणाचं तरी असतं.

रंगाला आपल्याकडे पंचांग आहे, ते डोक्यात ठेवा. १४ एप्रिलच्या आधी वस्त्यांमधल्या निळ्या भिंती नव्याने रंगतात, बाबासाहेबांच्या चित्रावर पुन्हा हात फिरतो. काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह ज्या शहराने पाहिला, तिथे या चित्रांसमोर थांबायलाच हवं. चेहऱ्याआधी चष्मा बघा. काचेवर पांढऱ्याचा एक छोटा तिरका फटकारा दिला की खालचे डोळे जिवंत होतात, तो जाड झाला तर डोळे झाकले जातात. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी उघडतात. ती भिंत नव्हे, पण वर्षभर मातीखाली झाकलेला हौद, फुलांपासून केलेला रंग आणि त्यात उडी टाकून मारलेला धप्पा हेही रस्त्यावरचंच रंगकाम आहे. संध्याकाळी बोळांतल्या भिंतींवर ओले पंजे उमटलेले असतात, तेही बघा.

पावसाळा संपला की गोदाघाटावर जा. पुराचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागलं यावर आम्ही नाशिककर पूर मोजतो. नदीकाठच्या भिंतीही तसंच मोजमाप दाखवतात: खाली गाळ आणि पोपडे, वर शाबूत रंग. पोपडा उडालेल्या जागी कडा बघा, एकाखाली एक किती रंग दिसतात ते मोजा. नखाने पोपडा उचलू मात्र नका.

शाळांच्या आणि सरकारी कंपाउंडवर वारली खूप दिसते. मूळची ती लग्नात भिंतीवर काढायच्या चौकाची, गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेली, बायकांच्या हातची. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि जगापुढे नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाण्याला वारली समाज राहतो. शहरातल्या भिंतीवर तारपा नाच शोधा, तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य आणि त्याच्याकडे तोंड करून धरलेला फेर. तारपा वाजवणारा आहे का? नाचणारे त्याच्याकडे पाठ करून तर नाहीत? सगळे त्रिकोण एका मापाचे असतील तर ते स्टॅन्सिलचं काम. हाताने काढलेल्या दोन माणसांच्या कमरा कधी सारख्या नसतात.

मुंबईला गेलात तर वांद्रे रेक्लमेशनला थोडं थांबा. तिथल्या एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी २०१४ मध्ये दादासाहेब फाळके रंगवले. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस एवढ्या मोठ्या भिंतीवर बघून मला भरून आलं होतं.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका कंपाउंडचं काम घेतलं होतं. घासताना चुन्याखालून कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण वर आला, शेजारी घोषणेची अर्धी ओळ. अक्षर इतकं सुबक की मी ब्रश खाली ठेवला. पण काम संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. प्रायमरचे दोन हात मारले आणि झालं. खिशात फोन होता, फोटोसुद्धा काढला नाही.

तेव्हापासून मी भिंतींचे फोटो ठेवतो, तुम्हीही ठेवा. एक लांबून, ज्यात शेजारचा खांब किंवा झाड येईल, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच जागी उभं राहता येईल. एक समोरून. एक हातभर अंतरावरून, उजेड बाजूने येईल असा. सोबत तारीख आणि बोळाचं नाव. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात भिंती पाडल्या जातील, नव्या रंगवल्या जातील. त्यामुळे सुरुवात जुन्यांपासून करा, आणि या पावसाच्या आधी.