दोन इमारतींतलं ऑफिस वायरलेसने जोडताना

मधे रस्ता असेल तर केबल टाकायला खोदाईची परवानगी लागते. त्यापेक्षा दोन्ही गच्च्यांवर ५ गिगाहर्ट्झचे डायरेक्शनल (एकाच दिशेने सिग्नल सोडणारे) अँटेना समोरासमोर लावणं सोपं. घरातला राउटर खिडकीत ठेवून हे काम होत नाही.

एक गच्ची दुसऱ्या गच्चीवरून नुसती दिसली म्हणजे झालं, असं नाही. रेडिओ लहरींना सरळ रेषेच्या भोवतीही मोकळी जागा लागते. अंतर ५०० मीटर असेल तर मध्यावर त्या रेषेच्या चहूबाजूंनी निदान दीड मीटर. त्यात पाण्याची टाकी, होर्डिंग किंवा गुलमोहराची फांदी आली की वेग घसरतो. झाडाचा अंदाज उन्हाळ्यात घेऊ नका. पावसाळ्यात पालवी दाट होते आणि ओली पानं सिग्नल जास्त शोषतात. खुद्द पावसाचा मात्र या फ्रिक्वेन्सीला फारसा त्रास नाही. ६० गिगाहर्ट्झच्या यंत्रांना होतो.

अँटेनापासून ऑफिसात येणारी केबल बाहेर वापरण्याचीच घ्या, आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक झटक्यापासून यंत्र वाचवणारं उपकरण) आणि अर्थिंगवर पैसे वाचवू नका. चॅनल, म्हणजे सिग्नलसाठीचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा, ‘ऑटो’वर न ठेवता आधी स्कॅन करून मोकळा निवडा.