घरचं बियाणं कसं धरावं

जमीन आहे, पाणी आहे, हातही आहेत, पण बियाणं वेळेवर आलं नाही तर पेरणी खोळंबतेच. म्हणून स्थानिक अन्नव्यवस्था भक्कम करायची तर सुरुवात बियाण्यापासून करावी, असं माझं मत आहे. खतांचं नंतर बघू.

आधी वाण ठरवा. संकरित वाणाचं, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून काढलेल्याचं, बी धरू नका. पुढच्या पिढीत एक रोप उंच, एक खुजं, फळंही निराळी येतात. सरळ वाण घ्या, म्हणजे ज्याच्या बियापासून तसंच पीक पुन्हा येतं. नवख्याने वाटाणा, घेवडा किंवा टोमॅटो निवडावा. त्यांची फुलं बहुधा स्वतःच्याच परागावर फळतात, त्यामुळे भेसळ कमी. मक्याच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. त्याचे पराग वाऱ्याने दूर जातात, आणि चार-दोन कणसांवरच बी धरत राहिलं तर काही पिढ्यांत ताटं खुरटतात. निदान शंभरेक ताटांमधून थोडं थोडं घ्यावं लागतं.

मग झाड निवडा, आणि तेही पीक उभं असताना. निरोगी, लवकर फळलेल्या झाडांना रंगीत दोरा बांधा. इथेच बहुतेकांचं चुकतं: चांगलं ते खाऊन टाकायचं आणि शेवटी उरेल त्याचं बी धरायचं!

बी झाडावरच पिकू द्या. शेंग वाळून खुळखुळली पाहिजे. काकडी खाण्याजोगी असते तेव्हा तिचं बी कच्चं असतं. ती वेलावरच पिवळी होऊ द्या.

टोमॅटोचं थोडं वेगळं. पूर्ण पिकलेल्या फळाचा बियांसकट गर वाडग्यात काढा, थोडं पाणी घाला आणि दोन-तीन दिवस आंबू द्या. रोज ढवळा. आंबूस वास सुटतो, वर पांढरट साय धरते, आणि उगवण रोखून धरणारं बुळबुळीत आवरण गळून पडतं. आता भरपूर पाणी ओता. पोचट बी तरंगेल, ते फेकून द्या. तळाचं धुऊन ताटलीत पसरा. कागदावर नको, चिकटून बसतं. आणखी दिवस ठेवलं तर वाडग्यातच मोड येतात.

वाळवणं सावलीत, हवेशीर जागी. वाटाणा दाताखाली दबला तर अजून ओल आहे. ढोबळ नियम असा: बियातला ओलावा १ टक्क्याने उतरला की साठवणीतलं आयुष्य जवळपास दुप्पट होतं, आणि तापमान ५ अंशांनी उतरलं तरी तसंच. मग घट्ट झाकणाची बरणी, थंड अंधारी जागा. वाण आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी आत टाका. बाहेरची सुटते आणि तीन टोमॅटोंपैकी हा कुठला, ते पेरूनच कळतं.

सगळं एकाच घरात ठेवू नका. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळची इकार्डा या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेची बियाणे बँक वापरता येईना, तेव्हा नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बियाणे-तिजोरीत ठेवलेल्या त्याच बियाण्याच्या प्रती २०१५ साली बाहेर काढून लेबनॉन आणि मोरोक्कोत पुन्हा वाढवल्या. आपल्याला तिजोरी नको, दोन-तीन शेजारी पुरेत.

पेरणीच्या पंधरवडाभर आधी २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सतराच्या वर बियांना मोड आले तर निर्धास्त पेरा. बारा-तेरा असतील तर दाट पेरा. दहाच्या खाली आल्या, तर शेजाऱ्याकडची बरणी मागा.