लाख-दीड लाखांचा सॉफ्टनर घेण्याआधी

मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. वाघोली, लोहगाव, सूस, म्हाळुंगे, पिसोळी अशा पुण्याच्या कडेच्या भागांतून आमच्याकडे बाटल्या येतात, आणि बाटलीबरोबर प्रश्नही येतो: "मॅडम, पूर्ण घराला सॉफ्टनर बसवा म्हणतायत. एक लाख साठ हजार सांगितलेत. घेऊ का?" सॉफ्टनर म्हणजे पाण्यातला जडपणा, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार, काढणारं यंत्र. बहुतेकांनी कोटेशन आधी घेतलेलं असतं आणि तपासणी नंतर. हा क्रम उलटा करा. पाण्यात काय आहे हे कळल्याशिवाय कुठल्याही यंत्राची किंमत जास्त की कमी हे ठरवताच येत नाही.

पुणे महापालिकेकडून येणारं खडकवासल्याचं पाणी म्हणजे सह्याद्रीत पडलेला पाऊस, धरणात साठलेला. ते बऱ्यापैकी मऊ असतं. बोअरचं पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून झिरपत, त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवत येतं, म्हणून ते जड. 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली, पण त्यांतल्या कितीतरी सोसायट्या अजून बोअर आणि टँकरवरच चालतात. त्यामुळे पहिला प्रश्न विक्रेत्याला विचारायचा नाही, स्वतःला विचारायचा: घरात महापालिकेचं पाणी येतं का, किती येतं, आणि ते आंघोळीच्या टाकीत वळवता येईल का? बंगल्याला दोन टाक्या असतील तर एखाद्या दिवसाच्या प्लंबिंगमध्ये हे काम होतं. तसं होत असेल तर बोअरचं पाणी फ्लशला आणि बागेला ठेवा. सॉफ्टनरचा विषय तिथेच संपतो.

आता डेमोबद्दल. विक्रेता डायनिंग टेबलवर दोन ग्लास ठेवतो, एकात तुमचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत सळयांचं छोटं यंत्र बुडवून वीज सोडतो. मिनिटभरात तुमच्या ग्लासात तपकिरी-काळपट गाळ येतो आणि आरओचा ग्लास तसाच राहतो. घरातली आजी घाबरते, मुलांची आई घाबरते. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो. यंत्रातली एक सळई लोखंडाची असते आणि तीच विरघळत असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, आरओच्या पाण्यातून फारशी वाहत नाही, एवढाच फरक. त्याच्यासमोरच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा वीज सोडायला सांगा. तसाच गाळ येईल. भीती दाखवून विकणाऱ्याकडून काही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पुढची दहा वर्षं सर्व्हिसही त्याच्याकडूनच घ्यायची असते.

टीडीएस मीटरचंही तसंच. तो पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यात जडपणा किती, मीठ किती, नायट्रेट किती हे तो सांगत नाही. शिवाय सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस कमी होतच नाही. सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी सोडून ते धुवायचे. क्षारांची अदलाबदल होते, बेरीज जवळपास तीच राहते. "सॉफ्टनरने टीडीएस दोनशेवर आणतो" असं कोणी म्हणालं तर त्याला यंत्र कळलेलं नाही, किंवा तो तुम्हाला खरं सांगत नाही.

मग तपासायचं काय? एकूण जडपणा, टीडीएस, पीएच, लोह, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणू. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये द्या, किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करा. विक्रेत्याने "फुकट तपासून देतो" म्हटलं तरी दुसरीकडून करून घ्या. बाटली भरताना मोटर थोडा वेळ चालू द्या, त्याच पाण्याने बाटली दोन-तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. जिवाणूंसाठी मात्र लॅबकडून निर्जंतुक बाटली आणायची, ती विसळायची नाही, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. बोअर असेल तर एक तपासणी उन्हाळ्यात आणि एक पावसाळ्यानंतर करा. टँकर असेल तर एका खेपेवर विसंबू नका, विहीर बदलली की पाणी बदलतं.

रिपोर्टमध्ये आधी जडपणाची ओळ बघा. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. हे आकडे पिण्यासाठीचे आहेत, नळ आणि गीझर त्याआधीच तक्रार करतात. दोनशेच्या आत असाल तर सॉफ्टनर घेऊ नका. दोनशे ते साडेतीनशेमध्ये मी गीझर आणि वॉशिंग मशीनपुरता उपाय करायला सांगते. चारशेच्या वर आकडा, स्वतःचं घर, दुसरं पाणी नाही आणि छतावर सोलर, असं सगळं जुळलं तर विषय गंभीरपणे बघा. सोलर फ्लॅट प्लेटचा असेल तर जास्तच, कारण त्यातल्या तांब्याच्या बारीक नळ्या क्षारांनी आतून बुजतात.

मग बाकीच्या ओळी वाचा. इथेच लोकांचे पैसे वाया जाताना मी बघते. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. तुमचं 70 आलं असेल तर घरभर लावलेला सॉफ्टनर त्याला हातही लावत नाही, पाणी उकळूनही ते जात नाही. फ्लोराइडचंही तेच. अशा वेळी पिण्याच्या नळाला आरओ हवा, आणि त्यासाठी लाखभर लागत नाहीत. जिवाणू निघाले तर आधी टाकी, संप (जमिनीखालची टाकी) आणि जवळचा शोषखड्डा बघा, मग क्लोरीन किंवा यूव्ही. अकोला-बुलढाणा-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात पाणी मुळात खारट असतं. तिथे सॉफ्टनर बसवून चव बदलणार नाही. कोकणात जांभ्यातलं पाणी मऊ असतं, पण काही ठिकाणी लोह निघतं. बादलीत भरून ठेवलेलं स्वच्छ पाणी सकाळी तांबूस दिसलं तर लोहाचा संशय घ्या. लोह आधी काढलं नाही तर रेझिनच्या मण्यांवर त्याचा लेप बसतो आणि महागडं यंत्र लवकर निकामी होतं.

घरातल्या खुणाही बघा. तूरडाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, टॉवेल राठ होतात. शॉवरच्या जाळीवरचा पांढरा थर नखाने खरवडा आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळा. बारीक बुडबुडे फसफसून आले तर तो चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. काहीच झालं नाही तर तो थर वेगळ्या कशाचा आहे, आणि लॅबचा रिपोर्ट अधिक गरजेचा आहे.

त्वचा आणि केसांविषयी सगळ्यात जास्त विचारतात, विशेषतः लहान मुलांच्या आया. ब्रिटनमध्ये इसब असलेल्या 336 मुलांवर यासाठी चाचणी झाली, 2011 मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांच्या घरी सॉफ्टनर बसवला. बारा आठवड्यांनंतर तपासणाऱ्यांना दोन्ही गटांच्या त्वचेत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. जड पाण्याने केस चिकट-राठ होतात हे खरं. पण मुलाचं इसब बरं होईल या आशेवर कर्ज काढून यंत्र घेऊ नका. ते पैसे आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे खर्च करा.

आता हिशेब. समजा घरात पाच माणसं आहेत आणि जडपणा 480. माणशी 135 लिटर धरलं तर रोजचं पाणी जवळपास 700 लिटर. त्यातून फ्लश आणि फरशी वजा केली की आंघोळ, कपडे, भांडी यांना साधारण 500 लिटर उरतं. 500 लिटरमध्ये 240 ग्रॅम जडपणा. 25 लिटर रेझिन साधारण 1,250 ग्रॅम धरतं, म्हणजे पाच दिवसांनी धुवायचं आणि दर वेळी तीन-सव्वातीन किलो मीठ. महिन्याला वीस किलोच्या आसपास. याच यंत्रातून फ्लश आणि बाग धरून 1,200 लिटर सोडलं तर ते दोन दिवसांतच भरतं. मिठाचं पोतं उचलणारं घरात कोण आहे, हेही आत्ताच ठरवा.

यंत्र 1,60,000 चं, आयुष्य दहा वर्षं, देखभाल करार वर्षाला 6,000, मीठ किलोला 12 रुपये धरलं तर वर्षाला जवळपास 25,000, म्हणजे महिन्याला दोन हजार. समोर कागद घ्या आणि गेल्या दोन वर्षांत क्षारांमुळे खरोखर झालेला खर्च लिहा: गीझरची कॉइल, मशीनची दुरुस्ती, बदललेले नळ, जास्तीची पावडर. नळ घासण्यात जाणारा घरातल्या बाईचा वेळही त्यात धरा, तो नेहमी विसरला जातो. एवढं करूनही महिना दोन हजारांच्या जवळ आकडा जात नसेल तर थांबा. गीझर 50 अंशांवर ठेवा, कारण पाणी जितकं तापेल तितका थर जास्त. वर्षातून एकदा तो उघडून साफ करून घ्या. शॉवरची जाळी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवा. बऱ्याच घरांना एवढं पुरतं. पाइपवर बाहेरून चुंबक किंवा वायर गुंडाळून क्षार घालवण्याचा दावा करणारी उपकरणं मात्र मी कोणाला सुचवत नाही. त्यानंतरही लॅबमध्ये जडपणा तेवढाच भरतो.

घ्यायचाच ठरला तर जागा नीट निवडा. छतावरच्या टाकीपासून खालच्या नळापर्यंत दहा मीटर उंचीला जेमतेम एक किलो दाब मिळतो, बंगल्यात तेवढाही नसतो. म्हणून सॉफ्टनर टाकीनंतर न लावता संपातून वर चढवणाऱ्या लाइनवर लावणं बरं पडतं, किंवा प्रेशर पंप धरावा लागतो. मऊ पाण्याची टाकी वेगळी ठेवा. बाग, फ्लश आणि पिण्याची लाइन त्यातून वगळा. 480 चा जडपणा पूर्ण काढला तर लिटरमागे सुमारे 220 मिलिग्रॅम सोडियम वाढतो. घरात रक्तदाबाचं कोणी असेल तर ते पाणी आरओशिवाय पिऊ नये. मणी धुऊन बाहेर पडणारं मिठाचं पाणी झाडांच्या मुळाशी जाणार नाही, असं काम प्लंबरकडून उभं राहून करून घ्या, आंब्याचं झाड त्याने वाळेल.

ऑर्डरच्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: रेझिन किती लिटर, दर धुण्याला मीठ आणि पाणी किती, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा जडपणा किती, आणि बायपासचा व्हॉल्व्ह (यंत्र वगळून पाणी थेट पुढे सोडणारा). शेवटचा हप्ता बसवल्या दिवशी देऊ नका. जडपणा तपासायचं थेंबांचं किट विकत मिळतं, ते आणा. आधी बोअरच्या पाण्यात रंगद्रव्य घाला, ते वाइनसारखं लाल होईल. मग सॉफ्टनरच्या पाण्यात घाला, ते थेट निळं व्हायला हवं. निळं आलं की हप्ता द्या. पुढे दर वेळी मीठ भरताना हीच तपासणी करा. लालसर छटा दिसली तर मीठ संपलंय किंवा धुण्याची वेळ चुकीची लावलीय, त्याच दिवशी तंत्रज्ञाला बोलवा.